खिशातली कोरियन पुस्तिका : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५

काम असं आहे. नोव्हेंबरात कोरियाहून काही तंत्रज्ञ आमच्या चाकणच्या कारखान्यात नवी प्रेस लाइन बसवायला येणार, महिनाभर राहणार. दुभाषा एकच, आणि तोही बहुतेक वेळ वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये. लाइनवरच्या मुलांसाठी खिशात मावेल अशी पुस्तिका करायची: नमस्कार-चमत्कार, आकडे, पाट्या, तपासणीचे शब्द. मला स्वतःला कोरियन येत नाही, म्हणजे आधी शिकायचं आणि शिकता शिकता पुस्तिका करायची.

या पट्ट्यात कोरियन अक्षरं तशी नवी नाहीत. रांजणगावला एलजी कित्येक वर्षं आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. खोक्यांवर, मशिनच्या पाट्यांवर ती अक्षरं आपण रोज बघतो आणि नक्षी समजून सोडून देतो.

आज इंटरनेटवरची तयार वाक्यं उतरवून घ्यायला बसले. सगळी रोमन लिपीत. कोरियन सरकारने २००० साली ठरवलेली रोमन पद्धत आहे, तिच्यात एका स्वरासाठी ‘ई-ओ’ अशी दोन अक्षरं, दुसऱ्यासाठी ‘ई-यू’. आपला माणूस ते ‘एओ’ आणि ‘एउ’ असंच वाचणार, आणि कोरियन माणसाला त्यातलं काही कळणार नाही. पुस्तिकेचा पहिला निर्णय त्यामुळे पहिल्याच दिवशी झाला: रोमन बाद. उच्चार देवनागरीत. मी मात्र थेट त्यांची लिपी शिकणार.

६ ऑगस्ट

लिपीचं नाव हांगुल. मूळ अक्षरं २४: १४ व्यंजनं, १० स्वर. जोडव्यंजनं आणि जोडस्वर धरले तर १९ आणि २१.

व्यंजनांच्या आकारात उच्चाराची जागा काढून ठेवली आहे. ‘ग’चं अक्षर म्हणजे चौकटीचा वरचा उजवा कोपरा. जिभेचं मूळ वर उचलून घसा अडवतं, तो आकार. ‘न’ म्हणजे खालचा डावा कोपरा, जिभेचं टोक वर दातांमागे टेकलेलं. ‘म’ हा तोंडाचा चौकोन. ‘स’ म्हणजे दात, दोन तिरक्या रेघा, छपरासारख्या. आणि घशासाठी पोकळ गोल, आपलं शून्यच. हे पाच पाया. श्वास जोरात सुटला की एक रेघ वाढते: ‘ग’मध्ये एक आडवी रेघ घातली की ‘ख’. ‘न’वर छप्पर घातलं की ‘द’, त्यात आणखी एक रेघ की ‘थ’.

कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे शाळेत आपण घोकलेलं असतं, म्हणून मराठी माणसाला ही मांडणी पटकन कळावी. ही लिपी ज्यात जाहीर झाली त्या १४४६च्या मूळ ग्रंथातला क्रम तर आपल्या वर्गांच्या अगदी जवळचा आहे: ग, ख आणि नाकातला ङ एका गटात, द, थ, न दुसऱ्या, ब, फ, म तिसऱ्या. योगायोग नाही. हे गट ज्या चिनी ध्वनिशास्त्रातून आले, त्याने बौद्ध भिक्षूंबरोबर आलेल्या संस्कृत वर्णविचारातून बरंच घेतलं होतं. आजच्या कोरियन शब्दकोशाचा क्रम मात्र वेगळा आहे, ग-न-द-र असा. शब्द शोधताना क-वर्गाची सवय उपयोगी पडत नाही.

११ ऑगस्ट

स्वर. एक उभी रेघ (माणूस), एक आडवी रेघ (जमीन), आणि एक ठिपका (आकाश), जो आता छोटी रेघ झाला आहे. उभ्या रेघेच्या उजवीकडे छोटी रेघ काढली की ‘आ’. डावीकडे काढली की ‘ऑ’च्या जवळचा स्वर. आडवीच्या वर काढली की ‘ओ’, खाली काढली की ‘उ’. छोटी रेघ दुहेरी केली की आधी ‘य’ लागतो: या, यॉ, यो, यु.

अडचणीचा स्वर एकच, नुसती आडवी रेघ. ‘उ’ म्हणायचा, पण ओठांचा चंबू करायचा नाही, ओठ हसल्यासारखे पसरलेले ठेवायचे. देवनागरीत त्याला अक्षर नाही. पुस्तिकेत ‘उ’ लिहून खाली रेघ देणार.

दुसरी गोष्ट, आपल्यासारखा व्यंजनात लपलेला ‘अ’ तिथे नाही. स्वर नेहमी लिहायचा. शब्द स्वराने सुरू झाला तरी तो एकटा उभा राहत नाही, आधी ते शून्य टेकू म्हणून लावावं लागतं आणि ते उच्चारायचं नाही. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ‘अ’ची बाराखडी ज्यांनी पाहिली आहे, अि अी अु अू अशी, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. युक्ती तीच आहे.

आणि त्यांचीही बाराखडी आहे! गा, ग्या, गॉ, ग्यॉ, गो, ग्यो, गु, ग्यु... याच सुरुवातीमुळे लिपीच्या सन्मानाचा दिवस १९२६ साली पहिल्यांदा साजरा झाला तेव्हा त्याचं नाव ‘गाग्या दिवस’ होतं. दोन वर्षांनी तो ‘हांगुल दिवस’ झाला. मला जुनं नाव जास्त आवडतं.

१७ ऑगस्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

कोरियनमध्ये एका जागेची तीन व्यंजनं असतात: साधं, श्वास सोडून म्हटलेलं, आणि घसा आवळून म्हटलेलं. नेहमीचं उदाहरण: साध्या ‘ब’ने *बुल* म्हणजे आग, श्वासाच्या ‘फ’ने *फुल* म्हणजे गवत, आवळलेल्या ‘प’ने *पुल* म्हणजे शिंग. इंग्रजीतून शिकणारे इथे महिनोन्‌महिने अडकतात. त्यांना क आणि ख वेगळे ऐकायची सवय नसते. आपल्याकडे क, ख, ग, घ चार आहेत. मग आपल्याला सोपं जायला हवं.

अर्धं सोपं जातं. श्वासाचं व्यंजन आपलं ख, थ, फ, छ. फक्त फ हा ओठ मिटून म्हणायचा, ‘फूल’मधला, ‘फॅन’मधला नव्हे. आवळलेल्या व्यंजनाच्या सगळ्यात जवळ आपलं साधं क, त, प, च येतं. हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क नेहमी थोडा ख असतो.

गोंधळ आहे तो साध्याचा. शब्दाच्या सुरुवातीला ते घोष (ग, द, ब यांच्यासारखं) नसतं, क आणि ख यांच्या मधलं काहीतरी असतं. दोन स्वरांच्या मध्ये आलं की तेच अक्षर ‘ग’ होतं. मांसाला जो शब्द आहे त्यात एकच व्यंजन दोनदा येतं, कानाला ऐकू येतं ‘कोगी’. कोरियन माणसाला मात्र दोन्ही एकच वाटतात. त्यांच्या दक्षिणेकडच्या बंदराचं नाव कधी पुसान, कधी बुसान का छापलेलं असतं, त्याचं मूळ इथे आहे. सोलची आजची तरुण पिढी तर सुरुवातीच्या साध्या आणि श्वासाच्या व्यंजनातला फरक बराचसा सुरावर तोलते: साधं खालच्या सुरात, श्वासाचं वरच्या.

मग पुस्तिकेत साधं व्यंजन क लिहायचं की ग? कानावर विश्वास ठेवला तर क. पण आपल्या माणसाने क म्हटला की तो त्यांना आवळलेला ऐकू जाणार, म्हणजे भलतंच अक्षर. ग म्हटला तर किंचित परका वाटेल, पण अक्षर बरोबर पोचेल. निर्णय: साध्याला ग, द, ब, ज, श्वासाच्याला ख, थ, फ, छ, आवळलेल्याला क, त, प, च. घ, झ, ध, भ बिनकामाचे.

ज नेहमी ‘जीवन’मधला. ‘जहाज’मधला नाही.

२४ ऑगस्ट

फोनवर कोरियन कीबोर्ड घेतला. व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही अंगठे आळीपाळीने चालतात. अक्षरं टाइप करत गेलं की ती आपोआप एका चौकोनात रचली जातात. १९ आरंभीची व्यंजनं, २१ स्वर, शेवटी २७ पर्याय किंवा काहीच नाही म्हणजे २८: गुणाकार ११,१७२. युनिकोडमध्ये इतके चौकोन ओळीने भरून ठेवले आहेत, आणि कुठला चौकोन कितवा हे साध्या गणिताने काढता येतं. आपल्या जोडाक्षरांचं फॉन्टमध्ये काय होतं ते आठवून थोडा हेवा वाटला.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. अभ्यास बंद.

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, पुन्हा वही उघडली. चौकोनाच्या तळाला बसणारं व्यंजन, त्याला म्हणतात बाच्छिम. लिहिताना तिथे खूप अक्षरं येतात, पण उच्चार सातच: क्, न्, त्, ल्, म्, प्, ङ्. स, ज, छ, थ यातलं काहीही तळाला आलं तरी शब्दाच्या शेवटी त्याचा ‘त्’ होतो. आणि तो ‘त्’ सोडायचा नाही, जीभ टेकवून तिथेच थांबायचं. आपण शेवटचं व्यंजन मोकळं सोडतो, ‘भात’ म्हणताना त नीट ऐकू येतो. तसं केलं की त्यांना पुढे एक जादा स्वर ऐकू येतो.

आता आजची खरी गंमत. ‘धन्यवाद’साठी जो कोरियन शब्द आहे, त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं *हाप्-नी-दा*, सगळे म्हणतात *हाम्नीदा*. पुस्तकं याला एक नवा नियम म्हणून अर्धं पान देतात. आपण तो आठवीत शिकलोय: वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. षट् अधिक मास, षण्मास. पुढे अनुनासिक आलं की मागचं कठोर व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकात बदलतं. रश्श्याला कोरियनमध्ये *गुक्* अधिक *मुल*, उच्चार *गुङ्मुल*. अक्षरशः वाङ्मय. फरक इतकाच की आपण संधी झाल्यावर लिहितोही तसंच, ते मूळ लिहितात आणि संधी तोंडात करतात.

र आणि ल यांना अक्षर एकच, इंग्रजी दोनचा आकडा कोनात मोडल्यासारखं. स्वरांच्या मध्ये र, तळाला ल, दोन एकत्र आले की ल्ल. ‘रलयोरभेदः’ म्हणणाऱ्या वैयाकरणांना कोरिया आवडला असता.

पुस्तिकेत उच्चार संधीनंतरचाच देणार. ज्याला लिपी वाचायची असेल त्याच्यासाठी शेवटच्या पानावर वाङ्मयाचा नियम दोन ओळींत.

१४ सप्टेंबर

वाक्यं सुरू. *आन्न्यॉङ हासेयो*, नमस्कार, सकाळ-दुपार-संध्याकाळ हाच. *गाम्साहाम्नीदा*, आभार. *जेसोंगहाम्नीदा*, माफ करा. *इगॉ ऑल्मायेयो*, हे केवढ्याला. *मुल जुसेयो*, पाणी द्या. होकाराला *ने*, नकाराला *आनियो*. हा होकार लाइनवर घोळ घालणार आहे. ‘ने’ आपल्या कानाला नकाराकडे झुकलेला वाटतो, शिवाय सोलच्या उच्चारात सुरुवातीचा न इतका बोथट असतो की पुष्कळदा ‘दे’च ऐकू येतं. पुस्तिकेत ठळक चौकटीत टाकायचं.

निरोपाला दोन वाक्यं. थांबणारा जाणाऱ्याला म्हणतो *आन्न्यॉङ्ही गासेयो*, जाणारा थांबणाऱ्याला *आन्न्यॉङ्ही गेसेयो*. टूलरूमच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, “त्यात काय मॅडम, आपण नाही का ‘येतो’ म्हणत अन् घरचे म्हणतात ‘या’.” पुस्तिकेत हेच छापते.

वाक्यरचना आपल्याचसारखी: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि नामाला मागून प्रत्यय. *जॉनुन फुने-एसॉ वासॉयो*: मी, पुण्याहून, आले. शब्दाखाली शब्द ठेवता येतो. इंग्रजी पुस्तकं याच रचनेची भीती घालतात.

आदराचं प्रकरण मात्र पुस्तिकेत सगळं बसवता येणार नाही. क्रियापदाच्या शेपटीवरून नातं कळतं: *-म्नीदा* औपचारिक, *-यो* नम्र, आणि शेपूट काढली की सलगी. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण सर्वनामात असतं, तिथे समोरच्याला सर्वनामाने हाक मारायचं शक्यतो टाळतातच. ‘तुम्ही’साठी शब्दकोशात *दांगशिन* सापडेल, साहेबाला तो वापरला तर भांडण काढल्यासारखं होईल. हुद्दा वापरायचा आणि त्याला *निम* लावायचा: विभागप्रमुख असेल तर *बुजांगनिम*. ‘साहेब चहा घेणार का’ असं साहेबालाच विचारणाऱ्या माणसाला हे जमून जाईल.

पुस्तिकेत फक्त *-यो* आणि *-म्नीदा*. सलगीचं एकही वाक्य नाही. मालिका बघून शिकलेली आमची दोन पोरं नेमकी तेच बोलतात.

२१ सप्टेंबर

आकडे दोन प्रकारचे. देशी: हाना, दुल, सेत्, नेत्, दासॉत्, यॉसॉत्, इल्गोप्, यॉदॉल, आहोप्, यॉल. चिनीवरून आलेले: इल, इ, साम, सा, ओ, युक्, छिल, फाल, गु, शिप्. वस्तू मोजायला देशी, पैसे, फोन नंबर आणि तारखांना चिनी. घड्याळात तर दोन्ही एकाच वाक्यात: साडेतीन म्हणजे *से शी साम्शिप् पुन*, तास देशी, मिनिटं चिनी.

आमच्या कामाचं वाक्य: *बुल्ल्यांग से गे*, खराब नग तीन. मोजणीचा शब्द *गे* लागला की हाना, दुल, सेत्, नेत् यांचं हान, दु, से, ने होतं. एवढं आलं तर तपासणीच्या टेबलावर निम्मं बोलणं भागेल.

मोठ्या आकड्यांत ते दहा हजारांचा गठ्ठा करतात, *मान*. लाख म्हणजे दहा मान, *शिम्मान* (इथेही तोच वाङ्मयाचा नियम). दहा लाख *बेंग्मान*, कोटी *छॉन्मान*, दहा कोटी *ऑक्*. स्वल्पविराम मात्र इंग्रजीप्रमाणे दर तीन आकड्यांवर देतात, म्हणजे बोलणं चाराचं आणि लिहिणं तीनाचं. कोटेशन वाचताना त्यांचा अकाउंटंटही बोट ठेवून शून्यं मोजतो म्हणे. आपण लाख-कोटीवाले त्यांना हसण्याच्या स्थितीत नाही. एक छोटा तक्ता पुस्तिकेत हवाच.

२८ सप्टेंबर

मशिनवरच्या पाट्या. *आन्जॉन जेइल*, सुरक्षा प्रथम, हे कोरियन कारखान्यांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. *विहॉम* धोका. *जुइ* सावधान. *छुरिप् गुम्जी* प्रवेश बंद. *बिसांगु* आपत्कालीन दार. *गॉम्सा* तपासणी, *हाप्क्यॉक्* पास. पाट्यांच्या पानावर हांगुल मोठं आणि देवनागरी लहान ठेवणार, कारण पाटी बोलायची नसते, ओळखायची असते.

इंग्रजीवरून घेतलेले शब्द आयतेच मिळतात असं वाटलं होतं. *खॉफी* ठीक. *नोथुबुक्* म्हणजे वही नव्हे, लॅपटॉप. दुकानात *सॉबिसु* म्हणजे फुकट दिलेली वस्तू. जोडाक्षर त्यांना झेपत नाही, प्रत्येक व्यंजनाखाली तो ओठ पसरलेला ‘उ’ येतो: स्ट्रेस म्हणजे *सु-थु-रे-सु*. महाराष्ट्र होतो *मा-हा-रा-श्यु-थु-रा*.

पुणं मात्र होतं *फुने*. हे जरा लागलं. त्यांच्याकडे आवळलेलं अक्षर आहे, ते लावलं तर आपला प जवळजवळ जसाच्या तसा उतरला असता. पण परकीय शब्द लिहिण्याचा सरकारी नियम आहे की अशा व्यंजनांसाठी आवळलेली अक्षरं शक्यतो वापरायची नाहीत. म्हणून पॅरिसचंही *फारी* झालं आहे, आणि *फारी* म्हणजे माशी. त्या मानाने पुणेकर सुखात आहेत. ण आणि ळ यांचं तर नावच काढू नका.

६ ऑक्टोबर

छुसॉक, त्यांचा सुगीचा सण. यंदा ३ तारखेच्या राष्ट्र स्थापना दिनापासून ९च्या हांगुल दिवसापर्यंत सुट्ट्या सलग लागल्या आहेत. मशिनच्या ड्रॉइंगबद्दल विचारलेल्या एकाही मेलला उत्तर नाही. दिवाळीत आपल्याला मेल करणाऱ्यांचं काय होत असेल ते कळलं.

९ ऑक्टोबर

हांगुल दिवस. उत्तर कोरियात हाच दिवस १५ जानेवारीला असतो: दक्षिणेत लिपी जाहीर झाल्याची तारीख धरतात, उत्तरेत ती तयार झाल्याची.

राजा सेजोंगने लिपी १४४३मध्ये पुरी केली आणि १४४६मध्ये जाहीर केली, तेव्हा अक्षरं २८ होती. चारांचा वापर पुढे थांबला. तोवर लिहिणं म्हणजे चिनी चित्राक्षरं, आणि ती येणार शिकलेल्या घराण्यांना. प्रस्तावनेत राजा सरळ सांगतो, सामान्य लोकांना काही म्हणायचं असलं तरी ते लिहिता येत नाही, म्हणून ही अक्षरं. १४४४मध्ये दरबारातल्या पंडितांनी, छे माल्ली हा त्यांच्यातला मुख्य, लेखी विरोध केला: चिनी लिपी सोडून वेगळी लिपी करणं हे रानटी लोकांचं काम. ज्ञानेश्वरीच्या प्रदेशातल्या माणसाला हा वाद परका नाही, पंडितांची ओळ तर फारच ओळखीची.

अक्षरांचे आकार जिभेवरून घेतले, हे सांगणारा मूळ भाष्यग्रंथ मधल्या काळात दिसेनासा झाला होता. लोक तर्क करत, दाराखिडक्यांच्या जाळीवरून आकार घेतले असंही म्हणत. १९४० साली आन्दोंग भागात प्रत सापडली. तेव्हा जपानी राजवट होती, शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत चालली होती. जॉन ह्यॉंग-फिल या संग्राहकाने ती विकत घेऊन लपवून ठेवली. १९९७मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृती यादीत घेतली. सेजोंगचं चित्र आता दहा हजार वॉनच्या नोटेवर आहे.

त्याच ग्रंथाच्या शेवटी एका दरबाऱ्याने लिहिलंय की शहाणा माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मूर्खालाही दहा दिवस पुरतील. अक्षरांपुरतं खरं आहे. बाच्छिम आणि आवळलेली व्यंजनं धरली तर दरबारी राजाची तारीफ करत होता असं समजावं.

१५ ऑक्टोबर

पुस्तिकेची कच्ची प्रत पहिल्या पाळीत वाटली आणि त्याच दुपारी दुभाष्याला खाली बोलावून मुलांकडून म्हणवून घेतली. त्याचा निकाल: *गाम्साहाम्नीदा* सगळ्यांचं समजतं. *बुल्ल्यांग से गे* समजतं. पसरलेल्या ओठांचा ‘उ’ कुणालाच जमला नाही, पण वाक्यात खपून जातो. ऑ आणि ओ मात्र वेगळे ठेवलेच पाहिजेत, तिथे तो दोनदा थांबला. *सुगोहाशॉसुम्नीदा*, म्हणजे पाळी संपताना ‘दमलात, छान काम झालं’ या अर्थाचं, हे आपापसांत आणि बरोबरीच्यांना म्हणावं, सगळ्यात वरच्या साहेबाला आपण होऊन म्हणू नये, असं त्याने सुचवलं. तळटीप घातली.

अनपेक्षित गोष्ट म्हणजे तीन-चार मुलांनी देवनागरी झाकून वरचं हांगुल वाचायला सुरुवात केली. एकाने पाटीवरचं *आन्जॉन* ओळखलं आणि मग खोक्यांवर शोधत फिरला. म्हणून आतल्या मांडणीत बदल: पहिली आठ पानं देवनागरी वर, हांगुल खाली, पुढच्या पानांत उलट, शेवटची दोन पानं नुसती हांगुल, उच्चार मागच्या कव्हरवर. टूलरूमच्या काकांचा याला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, घाईत असताना माणूस पानं उलटत बसणार नाही. त्यांच्यासाठी एक वेगळं कार्ड, एकाच बाजूचं, लॅमिनेट केलेलं: *ने*, *आनियो*, *विहॉम*, *जाम्कान्मान्यो* (जरा थांबा), आणि एक ते दहा.

छपाई दिवाळीनंतर. प्रेसवाल्याकडे कोरियन फॉन्ट नाही, चौकोनांच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती, त्यामुळे हांगुलच्या ओळी चित्र म्हणून द्यायच्या आहेत. त्याआधी दुभाष्याकडून प्रत्येक ओळीचं प्रूफ तपासून घेणं बाकी. ‘धोका’ आणि ‘प्रवेश बंद’ ही दोन पानं पहिल्यांदा.